डाव्या कडेचा गर्डर

"मेडम, तुमच्या डब्याला वेड लागलंय," नागराजू म्हणाला. "पूल जसाच्या तसा उभा आहे. बघा की तुम्हीच!"

मी बघितलं. पूल खरंच जसाच्या तसा उभा होता. नंजनगूडच्या अलीकडे, कपिला नदीवर, नवा कोरा. कंत्राटदाराची माणसं दसऱ्याच्या सुट्टीवरून नुकतीच परतली होती. आणि माझ्या लॅपटॉपवर पहिल्या गाळ्यातल्या, म्हणजे पहिल्या दोन आधारांमधल्या, डाव्या कडेच्या गर्डरचा आकडा वर जाऊन बसला होता. खाली यायचं नाव नाही.

नागराजू हा कंत्राटदाराचा प्रोजेक्ट मॅनेजर. पन्नाशीचा, भरदार मिशीचा, आवाज असा की त्याला मोबाइलची गरजच नसावी. काम मात्र चोख. मी त्याच्याशी कितीदा भांडले असेन, पण त्याच्या काँक्रीटमध्ये मला कधी पोकळ जागा सापडली नाही. आम्ही बोलायचो कानडीत. इथे मी मराठीत लिहितेय, पण त्याचा 'मेडम' तसाच ठेवलाय, कारण तो शब्द तो ज्या सुरात म्हणायचा त्यावरून मला कळायचं की पुढे काय मागणार आहे.

आता माझं काम सांगते. मी सिव्हिल इंजिनियर. आमची कंपनी छोटी आहे, ऑफिस मैसूरच्या बोगादी भागात. आम्ही पुलांच्या काँक्रीटमध्ये काचेचे धागे पुरतो. ऑप्टिकल फायबर म्हणजे तोच धागा, ज्यातून तुमच्या घरी इंटरनेट येतं. केसाएवढा बारीक. त्यात ठरावीक जागी लेझरने अतिसूक्ष्म आडव्या रेघा मारलेल्या असतात. धाग्यातून प्रकाश सोडला की ती रेघांची जागा त्यातला नेमका एकच रंग परत पाठवते. काँक्रीट ताणलं गेलं की आतला धागा ताणला जातो, रेघांमधलं अंतर वाढतं, आणि परत येणारा रंग किंचित बदलतो. रंग किती सरकला ते मोजायचं, की काँक्रीट किती ताणलं गेलं ते कळतं. हा रंग डोळ्यांना दिसत नाही, तो मोजायला एक यंत्र लागतं. त्याला इंटरोगेटर म्हणतात. नागराजू त्याला डबा म्हणायचा. मीही म्हणायला लागले.

आमचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. आजोबांपर्यंत सगळे कापड रंगवायचे, छापायचे. माझा भाऊ सगळ्यांना सांगत फिरतो, "अक्का पण रंगाचाच धंदा करते, फक्त तिचा रंग कोणाला दिसत नाही." हसायला काय जातंय त्याचं!

तर या पुलाच्या प्रत्येक गर्डरमध्ये, म्हणजे ज्या लांबलचक काँक्रीटच्या तुळयांवर रस्ता टेकतो त्यांच्यात, आमचे धागे होते. ओतकामाच्या वेळी मी स्वतः उभं राहून बांधून घेतले होते. पूल दिवाळीच्या आधी उघडायचा होता. पलीकडे कारखाने. सध्या कामगारांच्या बसगाड्या लांबून वळसा घालून जात होत्या, त्या सगळ्या याच पुलावरून जाणार होत्या. काम जवळजवळ संपलं होतं. डाव्या बाजूचा कठडा आणि वरचा डांबराचा थर, एवढंच बाकी. डांबर दुसऱ्याच दिवशी पडायचं होतं.

आणि आदल्या दिवशी, विजयादशमीच्या दुपारी, माझ्या मोबाइलवर डब्याचा अलर्ट आला. घरात सगळे टीव्हीसमोर, जंबू सवारी, म्हणजे दसऱ्याची हत्तीची मिरवणूक, चाललेली. मी आकडा बघितला आणि ताट बाजूला सारलं. तेव्हा निघायची सोय नव्हती, गावातले रस्ते माणसांनी फुललेले. रात्रभर कूस बदलत काढली आणि सकाळी सगळ्यात आधी साइट गाठली.

"डबा बंद होता का?" मी नागराजूला विचारलं. कारण रेकॉर्डमध्ये आयुधपूजेच्या सकाळपासून विजयादशमीच्या दुपारपर्यंत काहीच नव्हतं. सपाट कोरं.

"हां, बंद केला की. पूजेत ठेवला ना!"

जे मैसूरकडचे नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे नवमीला आयुधपूजा. ज्या वस्तूवर पोट चालतं तिची पूजा करायची आणि तिला विश्रांती द्यायची. न्हाव्याची कात्री, शिंप्याचं मशीन, ऑफिसातले कॉम्प्युटर, सगळं धुऊनपुसून चामुंडीच्या फोटोपुढे. दशमीला पुन्हा पूजा करून मगच वापरायला काढायचं. नागराजूच्या माणसांनी लेव्हल, टोटल स्टेशन, व्हायब्रेटर आणि आमचा डबा, सगळं ओळीने मांडलं होतं. डब्यावर विभूतीचे तीन पट्टे आणि मधोमध कुंकवाचा ठसठशीत टिळा अजून होता. खरं सांगते, मला रागवता आलं नाही. माझ्या घरी मी माझ्या लॅपटॉपला तेच केलं होतं.

"बघा मेडम," नागराजू म्हणाला, "तुमचे वायर काढले, परत लावले. कुंकू गेलं असेल आत. पुसून काढा. आयितु, संपलं!"

मुद्दा बिनचूक होता, म्हणून मी तो तपासला. फायबरचं टोक म्हणजे भलतं नाजूक प्रकरण. धुळीचा एक कण पुरे. माझ्याकडे टोक बघायचा छोटा मायक्रोस्कोप असतो. दोन टोकांवर खरंच लालसर कण होते. पुसले. प्रकाश लख्ख झाला. आकडा जागचा हलला नाही.

"कुंकवाने उजेड कमी होतो," मी म्हटलं. "रंग बदलत नाही. खिडकीची काच मळली म्हणून समोरच्या घराचा रंग बदलतो का?"

"मग बंद करून चालू केला, त्यामुळे झालं असेल. आमच्या घरी करंट जाऊन आला की फ्रीज पण वेडंवाकडं करतो."

हाही प्रश्न मला दर साइटवर विचारतात. जुन्या पद्धतीचे विजेवर चालणारे गेज असतात, त्यांचं तसं होतं. बंद केले की कधी कधी त्यांचं शून्य हलतं, मग आधीचं आणि नंतरचं जुळवता जुळवता नाकी नऊ येतात. फायबरचं तसं नाही. मोजमाप डब्यात नसतंच, ते काचेत असतं. डबा फक्त बघतो. डबा दोन दिवस डोळे मिटून बसला, तरी काचेचं आपल्या जागी जे व्हायचं ते होत राहतं. डोळे उघडल्यावर तो आहे ते सांगतो.

"मग ऊन," नागराजू म्हणाला. तो हट्टाला पेटला होता. "दोन दिवस काय ऊन होतं!"

ऊन बाकीच्या गर्डरवर पण पडलं होतं. शिवाय प्रत्येक गर्डरमध्ये आम्ही एक जास्तीचा सेन्सर नळीत मोकळा सोडतो. तो काँक्रीटला चिकटलेला नसतो, त्याला ताण कळत नाही, फक्त तापमान कळतं. उन्हाचा भाग त्यावरून वजा करायचा. मी तो वजा करूनच बघत होते. आणि मला आणखी एक गोष्ट दिसत होती, ती मी अजून बोलले नव्हते. रोज दिवसा पूल तापतो, रात्री निवतो, त्याबरोबर सगळ्या गर्डरचे आकडे थोडे वर-खाली होतात. चारही गर्डर इतके दिवस एका चालीने चालत होते. काल दुपारपासून डाव्या कडेच्या गर्डरची चाल मोठी झाली होती. वर जाताना जास्त वर, खाली येताना जास्त खाली. काँक्रीटला कुठेतरी भेग पडली आणि सेन्सर तिच्यावर बसला असला, की असं होतं. भेग उघडते, मिटते.

आणि या गर्डरला भेग पडायलाच नको होती. हे प्रीस्ट्रेस्ड गर्डर. म्हणजे आत पोलादी केबल ताणून बांधलेल्या असतात. त्या काँक्रीटला कायम दाबून धरतात, त्यामुळे वरून गाड्या गेल्या तरी खालची बाजू फाटत नाही. तिथे भेग पडते ती तेव्हाच, जेव्हा गर्डरवर त्याच्या ऐपतीबाहेरचं काहीतरी येतं.

"नागराजू, दोन दिवसांत पुलावर काय आलं होतं?"

"काही नाही मेडम. सुट्टी होती! एक माणूस कामावर नव्हता."

"नक्की?"

"चामुंडीची शपथ!"

शपथ इतकी खणखणीत होती की मी पण क्षणभर गोंधळले.

तेवढ्यात मोहनरावांचा फोन आला. मोहनराव आमच्या कंपनीचे मालक. तेही मैसूरच्याच जुन्या मराठी घरातले, त्यामुळे आमचं बोलणं घरच्यासारखं, अर्धं मराठी, अर्धं कानडी.

"काय शैलजा, दसऱ्याचा हब्ब संपला नाही तोवर तुझं रण सुरू? बांधकाम खात्याच्या ईई साहेबांचा फोन होता मला. कंत्राटदार म्हणतो सेन्सर फेल."

"सेन्सर फेल नाही. गर्डरला काहीतरी झालंय."

"काहीतरी म्हणजे काय? त्यांना काय सांगू? उद्या डांबर आहे. त्यांचं म्हणणं, पॉवर गेल्यामुळे झालं असं एका ओळीत लिहून द्या आणि री-बेसलाइन करा."

री-बेसलाइन म्हणजे, सॉफ्टवेअरमध्ये एक बटन असतं. ते दाबलं की आत्ताचा आकडा हेच नवं शून्य. वर गेलेली रेघ पुन्हा खाली, सगळे गर्डर पुन्हा एका ओळीत, अलर्ट गायब. एक क्लिक. माझ्या नावाने लॉगिन करून मारायचा.

"मी नाही दाबणार," मी म्हटलं.

मोहनराव म्हणाले, "हे बघ. तू म्हणतेस तर असेलच काहीतरी. पण पुढचे दोन पूल त्यांच्याकडेच आहेत. आपण काम थांबवलं आणि खाली काही निघालं नाही, तर आपले धागे परत कोण घेणार? दहा जणांचं ऑफिस आहे आपलं. सुम्ने, उगाच अडून बसू नकोस. तुला खात्री आहे?"

"आहे."

"कशाने झालं ते माहितेय?"

"नाही."

"मग खात्री कसली डोंबलाची!" म्हणाले आणि फोन ठेवला. मग लगेच पुन्हा केला. "संध्याकाळपर्यंत वेळ मागतो मी. ईई साहेब चारला येतायत तिकडे. तोवर शोध काय ते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली होती, ती मोहनरावांवर नाही. ते चुकीचं बोलले नव्हते. आकडा म्हणतोय की झालं, एवढ्यावर कोणी पूल थांबवत नाही. काय झालं, कधी झालं, कसं झालं, ते सांगावं लागतं. आणि नेमक्या त्याच वेळी माझा डबा विश्रांती घेत होता.

मी छत्री घेतली आणि पुलावर चढले. नागराजू मागोमाग. डोक्यावर टोपी, हातात कडलेपुरीची, म्हणजे चुरमुरे-फुटाण्यांची पुडी, पूजेचा उरलेला प्रसाद. "घ्या मेडम. उपाशी माणसाला राग जास्त येतो."

मी मूठभर घेतली. तो मनाने वाईट नव्हता कधीच.

डेक, म्हणजे पुलाचा वरचा सपाट भाग, स्वच्छ होता. इतका स्वच्छ की मला त्याचंच नवल वाटलं. बांधकामावरचा डेक म्हणजे सिमेंटचे डाग, तारांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या. इथे पाणी मारून धुतल्यासारखं. उजव्या बाजूला मांडवाच्या खांबांच्या खुणा आणि फुटलेल्या कोहळ्याचे कुंकवाने लाल झालेले वाळके तुकडे. म्हणजे पूजा झाली ती इथेच.

"इथे पूजा केली?"

"हां मग! ऑफिसपुढे चिखल आहे. इथे नदीचा वारा, जागा मोकळी. जेवणाच्या पंगती पण इथेच. दीडशे माणूस जेवला."

दीडशे माणसांनी पूल वाकत नाही. मी पुढे चालत राहिले, डाव्या कडेने. जिथे कठडा यायचा होता तिथे नुसत्या उभ्या सळया होत्या. आणि त्या सळयांच्या जवळ, काँक्रीटवर, मला पांढुरके डाग दिसले. वाटीच्या तोंडाएवढे. एक, मग थोड्या अंतरावर दुसरा. मग जोडी. मग पुन्हा जोडी. पहिल्या गाळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन समांतर ओळींत.

मी खाली बसले. एका डागात लिंबाची बी चिकटलेली होती.

लिंबू काय करतं ते आमच्या घरात लहान पोराला पण माहीत असतं. कापडावर रंग नको असेल तिथे माझे आजोबा लिंबाचा रस लावायचे, तो रंग धरू देत नाही. काँक्रीटवर तर तो अजून जोरात चावतो. सिमेंट म्हणजे चुन्याचाच भाऊ, आंबट लागलं की वरची साय खाल्ली जाते आणि फिका डाग राहतो. पाण्याने जात नाही.

आणि आयुधपूजेला लिंबू कुठे ठेवतात ते मैसूरमध्ये कोणाला सांगावं लागत नाही. गाडीच्या चाकाखाली. प्रत्येक चाकाखाली एक. मग गाडी जरा पुढे घ्यायची, लिंबू चिरडायचं.

"नागराजू," मी म्हटलं, "गाड्या इथे उभ्या केल्या होत्या?"

"हां."

"किती?"

"सगळ्या."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. तोही माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर लपवालपवीचा मागमूस नव्हता.

"मघाशी तू मला शपथ घेऊन सांगितलंस की पुलावर काही आलं नव्हतं!"

"मेडम, ती पूजा होती," तो म्हणाला. "लोड कुठे होता तो?"

मी त्याला ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण मला दिसलं की तो खोटं बोललाच नव्हता. त्याच्या डोक्यात लोड म्हणजे काम. लोड म्हणजे चाचणीला लावतात त्या वाळूच्या गाड्या, लोड म्हणजे रहदारी. देवापुढे धुऊनपुसून, हार घालून उभी केलेली गाडी ही गाडी नव्हतीच. ती त्या दिवशी देवच होती. आणि देवाचं कोणी वजन करतं का?

मग त्याने सगळं सांगितलं. मी विचारत गेले, तो सांगत गेला, आणि सांगता सांगता त्याचा आवाज उतरत गेला. सगळे टिपर, सगळे मिक्सर ट्रक, एकामागोमाग एक, डाव्या लेनमध्ये. उजवी लेन माणसांसाठी. अगदी कडेला लावून, कारण जेवायला जागा हवी, आणि नदीच्या बाजूने फोटो छान येतो. टिपर खडीने भरलेले होते, आदल्या दिवशी खाली करायचे राहिले होते आणि सणाला कोण खाली करणार? आणि मधोमध कंत्राटदार मालकाची नवी क्रेन. तिचा लांब हात उंच उभा करून त्यावरून झेंडूच्या माळा सोडल्या होत्या.

"हात उभा केला म्हणजे पाय पसरले असणार," मी म्हटलं. क्रेनला हात वर करताना बाजूला चार पाय टेकवावे लागतात, नाहीतर ती कलंडते. मग सगळं वजन त्या पायांवर येतं.

"पसरले," नागराजू म्हणाला.

ठसे तिथेच होते. लाकडी ओंडक्यांचे चौकोनी ठसे. त्यांतले दोन पार कडेला, सळयांना लागून, जिथे उद्या कठडा आल्यावर कुठलंच चाक कधी पोचू शकलं नसतं. पुलाचं गणित करताना आपण धरतो की चाकं कठड्यापासून ठरावीक अंतर राखून जातील. इथे कठडाच नव्हता. गणितात नसलेल्या जागी, गणितात नसलेलं वजन. आणि खाली बरोबर डाव्या कडेचा गर्डर.

नागराजू त्या ठशांशेजारी बसला. टोपी काढली. "मेडम, हे लिहू नका," तो म्हणाला. "मला ठेवणार नाहीत ते. मुलीचं लग्न आहे माघात." मग जरा थांबून, हळू आवाजात, "दाबा ना ते बटन. पूल उभा आहे की! एवढं वजन उभं केलं तरी पडला नाही, अजून काय पाहिजे?"

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण मी त्याला सरळ सांगितलं. पडला नाही, कारण ते वजन एकाच दिवसाचं होतं. भेग पडलेल्या गर्डरवर रोज शेकडो गाड्या जाणार. भेगेतून पाणी आत जाणार, केबल गंजणार. केबल गंजताना बाहेरून काही दिसत नाही. आणि एखाद्या दिवशी वर कोण असेल ते आपल्या हातात नाही. "उद्या डांबर पडलं की हे डाग गेले. बटन दाबलं की माझा आकडा गेला. मग तुला आणि मला सोडून कोणाला माहीत?"

तो उठला आणि खाली निघून गेला. मला वाटलं, गेला हा. आता साहेबांपुढे कानावर हात ठेवणार.

चारला ईई साहेब आले. म्हणजे खात्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर, शिवण्णा. कमी बोलणारा, उन्हाने वैतागलेला माणूस. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, मला ग्राफ दाखवू नका. भेग आहे म्हणता ना? डोळ्यांनी दाखवा. नाहीतर उद्या डांबर."

हे ऐकून मला उलट बरं वाटलं. डोळ्यांनी दाखवायची एक जुनी, साधी रीत आहे. ती फायबरच्या कितीतरी आधीची.

पहिला गाळा किनाऱ्यावरच्या कोरड्या जमिनीवरून जातो. खाली मचाण उभं होतंच. मी साडीचा पदर खोचला आणि वर चढले. शिवण्णा मागून. गर्डरचा तळ हाताच्या अंतरावर आला. गुळगुळीत, करडा, निर्दोष. ते टॉर्च मारून बघत राहिले. "कुठे आहे?"

"मिटलीय," मी म्हटलं. "वजन उतरल्यावर मिटते. थांबा."

सेन्सरची जागा मला ड्रॉइंगवरून माहीत होती. तिथे पाइपने पाणी मारायला सांगितलं, भरपूर. तळ ओला होऊन काळपट झाला. मग आम्ही नुसते उभे राहिलो. ओलं काँक्रीट वाऱ्याने वरून सुकत येतं. भेगेत शिरलेलं पाणी मात्र लवकर सुकत नाही. तळ हळूहळू करडा व्हायला लागला. कडेने आधी, मग मधे. मी श्वास धरून बघत होते. काहीच नाही निघालं तर? 

आणि मग ती दिसली. पेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ, गर्डरच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिच्या थोडं पलीकडे दुसरी. मग तिसरी. तिन्ही बरोबर क्रेनच्या पायांखाली.

शिवण्णांनी टॉर्च विझवला. "हे कशाने झालं?"

मी उत्तर द्यायच्या आत खालून आवाज आला. तोच, मोबाइलची गरज नसलेला.

"सार, माझ्याने झालं."

नागराजू मचाणाखाली उभा होता. टोपी हातात. "आयुधपूजेला गाड्या मी उभ्या केल्या. क्रेन पण. कोणी सांगितलं नव्हतं मला. कुठली गाडी कुठे होती, भरलेली की रिकामी, सगळं सांगतो. लिहून घ्या."

मघापासून त्याच्यावर जो काही राग साठला होता तो तिथल्या तिथे निघून गेला. माझे डोळे भरून आले, आणि पदराने घाम पुसल्यासारखं करून मी ते पुसले. मचाणावर रडणं काही बरं दिसत नाही.

डांबर थांबलं. त्या संध्याकाळी शिवण्णा, नागराजू आणि मी डेकवर खडूने एकेका लिंबाच्या डागाभोवती गोल काढत फिरलो, आणि नागराजू प्रत्येक गोलापाशी सांगत गेला: हा अमुक टिपर, हा तमुक मिक्सर. त्यावरून डिझाइनवाल्यांनी नेमकं किती वजन कुठे पडलं ते काढलं. माझ्या सेन्सरच्या आकड्याशी ते जुळलं. मोहनरावांनी फोनवर नुसतं "अब्बा!" म्हटलं.

कंत्राटदाराने नागराजूला काढायचं ठरवलं होतं. शिवण्णांनी त्याच्या मालकाला समोर बसवून विचारलं, "खरं सांगणाऱ्याला काढलंत, तर पुढच्या वेळी मला कोण सांगणार? गप्प बसणारे ठेवून घेताय का?"  नागराजू राहिला.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. भेगांमध्ये दाबाने इपॉक्सी हे चिकट रसायन भरलं, गर्डरच्या दोन्ही अंगांनी बाहेरून नव्या केबल ताणल्या. ताणताना आमचा आकडा खाली खाली येत गेला, तो मी लॅपटॉपवर बघत होते आणि नागराजू माझ्या खांद्यावरून. मग रीतसर चाचणी घेतली. भरलेल्या गाड्या, या वेळी मोजून मापून, पूर्ण एक दिवस उभ्या. डाव्या कडेचा गर्डर वाकला तेवढाच जेवढा वाकायला हवा, आणि गाड्या काढल्यावर परत आपल्या जागी आला. मधे नागराजूच्या मुलीचं लग्न पण झालं, मी जेवून आले.

आता त्या पुलावरून कामगारांच्या बस जातात. आमच्या करारात एक नवं कलम आहे: डबा सणाला बंद करायचा नाही, कुंकू झाकणावर लावावं, टोकांना नाही. कंत्राटदारांना ते वाचून हसू येतं. हसू देत.

फक्त एका बाबतीत मी हरले. सॉफ्टवेअरवाल्यांना मी पत्रावर पत्र लिहिलं, की ते री-बेसलाइनचं बटन एका क्लिकवर ठेवू नका, निदान कारण तरी विचारा. त्यांचं उत्तर आलं: बटन काढता येणार नाही, ग्राहक सगळ्यात जास्त तेच वापरतात.